तिकीट वाटणाऱ्यांनी ताईंचे नाव जपून घ्यावे

प्रति,
गोव्यातील सर्व राजकीय पक्षांच्या उमेदवार निवडणाऱ्या मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

मागे एका महिला दिनाला आमच्या तालुक्यात एका पक्षाचा मेळावा झाला. गावागावांतून बसगाड्या भरून बायका नेल्या, त्यांत मीही होते. चहा होता, पाव-भाजी होती, निघताना हातात स्टीलचा डबा. व्यासपीठावर नऊ पुरुष आणि दोन बायका. त्या दोघींतल्या एकीकडे समई पेटवताना काडेपेटी पुढे करायचे काम होते. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले आणि तिसऱ्याच वाक्याला ताई, म्हणजे गोव्याच्या माजी मुख्यमंत्री शशिकला काकोडकर, आल्या. ‘गोव्याने शशिकलाताईंच्या रूपाने पन्नास वर्षांपूर्वीच महिला मुख्यमंत्री दिली,’ असे ते म्हणाले. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, कारण ताईंचे नाव निघाले की माझे हात आपोआप उठतात.

परतीच्या वाटेवर मात्र ते ‘दिली’ घशात अडकून राहिले. कोणी दिली? कोणाला दिली? आणि त्यानंतर काय दिले? पत्र लिहायला बसले ते या अडकलेल्या घासापायी. २०२७ची विधानसभा निवडणूक येते आहे. तुम्ही याद्या घेऊन बसाल आणि चाळीस नावांत दोन-तीन बायका घालून पुन्हा ताईंचा दाखला द्याल. म्हणून आधीच सांगते, तो दाखला तुम्हाला वाटतो तितका तुमच्या बाजूचा नाही.

आधी माझे घर सांगते, म्हणजे मी कुठून बोलते ते कळेल. मी मुंडकाराची मुलगी, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटकाराच्या, जागेत घर करून राहणाऱ्याची. डिचोली तालुक्यात भाटकाराच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, आमचे घर होते. घर म्हणजे मातीच्या भिंती आणि वर नळे, म्हणजे कौले. नळा फुटला तर बदलायला भाटकाराची परवानगी लागायची. पाडेली माडावर चढला की खाली नारळ गोळा करायला आम्ही, रात्री भाटाची राखण करायला आम्ही, त्यांच्या घरी लग्न निघाले की आठ दिवस राबायला आम्ही. भाडे असे काही नव्हते. ‘राहा म्हटले म्हणून राहता,’ एवढाच व्यवहार. आणि ‘राहा’ म्हणणारा ज्या दिवशी ‘निघा’ म्हणेल त्या दिवशी निघायचे. मतदानाच्या दिवशी कोणाकडे बघायचे हेही मग न सांगता कळायचे.

१९७५ साली मुंडकारांना घरातून काढण्यापासून संरक्षण देणारा कायदा आला. नुसते संरक्षण नाही, राहते घर विकत घेण्याचा हक्कही आला, आणि घराखालच्या जागेसकट गावात तीनशे चौरस मीटरपर्यंत जमीन. ताईंच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, म्हणजे मगोपच्या, सभांत ‘कसेल त्याची जमीन, राहील त्याचे घर’ ही घोषणा असायची. तिचा दुसरा अर्धा भाग या कायद्याने कागदावर उतरवला. पहिल्या अर्ध्याचे काम १९७६च्या कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने केले. ताईंचे वडील भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री असतानाच्या १९६४च्या कायद्याने कुळाला संरक्षण दिले होते, या दुरुस्तीने त्याला जमिनीचा मालक ठरवले. ती कोर्टकचेरीत अडकली, पुढे संविधानाच्या नवव्या अनुसूचीत गेली, आणि अजून कित्येक गावांत कुळांचे आणि मुंडकारांचे खटले मामलेदाराच्या दारात तारखा खात पडलेले आहेत. पण आमच्या आईला या कलमांशी देणेघेणे नव्हते. कोणी विचारले की ती एवढेच म्हणायची, ‘घर भाटकाराचें न्हय, ताईन दिलां.’

बघा, ‘दिलां’ हा शब्द आमच्या आईनेही वापरला. पण तिच्या वाक्यात देणारी बाई आहे, आणि तुमच्या वाक्यात तीच बाई दिली गेलेली वस्तू आहे.

आता कोणी म्हणेल, ताईसुद्धा बापाच्या पुण्याईनेच आल्या की. हो, आल्या. हे मी झाकणार नाही, नाहीतर तुम्हीच पहिल्यांदा काढाल. दयानंद बांदोडकर, म्हणजे सगळ्या गोव्याचे भाऊसाहेब, १२ ऑगस्ट १९७३ला गेले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीने मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. वय अडतीस. पक्षात अनुभवी पुरुष नव्हते असे नाही. बांदोडकर हे नाव हीच त्या पक्षाची पुंजी होती, आणि पक्षाने ती घराबाहेर जाऊ दिली नाही. घराणेशाही म्हणायची तर म्हणा. मी त्या शब्दावर भांडणार नाही.

फक्त दोन गोष्टी त्या शब्दात मावत नाहीत. पहिली म्हणजे त्या एका रात्रीत विधानसभेत आल्या नव्हत्या. १९६७ साली त्या पहिल्यांदा आमदार झाल्या. त्याच वर्षी १६ जानेवारीला, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा यावर, सार्वमत झाले होते. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. ज्या पक्षाचे नावच ‘महाराष्ट्रवादी’, त्याचा मूळ मुद्दाच लोकांनी नाकारला, आणि दोन-अडीच महिन्यांनी त्याच लोकांनी त्याच पक्षाला पुन्हा निवडून दिले. असले कोडे घालणाऱ्या मतदारांसमोर ताईंची राजकारणातली शाळा भरली. १९७२ला डिचोलीतून निवडून आल्या, राज्यमंत्री झाल्या. वडिलांच्या सावलीत म्हणा हवे तर, पण सावलीत उभे राहून त्या सहा वर्षे कामकाज बघत होत्या.

दुसरी गोष्ट १९७७ची, आणि ती मला जास्त मोलाची वाटते. भाऊसाहेब जाऊन चार वर्षे होत आली होती. सहानुभूती किती दिवस टिकते हे तुमच्याइतके कोणाला ठाऊक आहे? देशभर आणीबाणीनंतरची जनता पक्षाची लाट होती, दिल्लीत सरकार पालटले होते. गोव्यात मात्र तीसपैकी पंधरा जागा मगोपच्या सिंहाला मिळाल्या आणि ताई पुन्हा मुख्यमंत्री झाल्या. हा जनादेश कोणाचा? मेलेल्या बापाचा नक्कीच नाही. मी तेव्हा सहा वर्षांची होते. प्रचारसभेतले मला फक्त पेट्रोमॅक्सचे दिवे आणि त्यांच्याभोवतीचे किडे आठवतात. बायका मात्र पुढच्या रांगेत बसल्या होत्या असे आई सांगायची. तिच्या आयुष्यात पुढच्या रांगेत बसण्याचे प्रसंग फारसे आले नाहीत, म्हणून तिच्या लक्षात राहिले.

एक हिशेब सहसा कोणी मांडत नाही. ताईंच्या आधी देशात दोनच बायका मुख्यमंत्री झाल्या होत्या : १९६३ साली उत्तर प्रदेशात सुचेता कृपलानी आणि १९७२ साली ओडिशात नंदिनी सत्पथी. ताई तिसऱ्या. ऑगस्ट १९७३ ते एप्रिल १९७९, पावणेसहा वर्षे. तोवर या देशात कोणतीही बाई इतका काळ मुख्यमंत्री राहिलेली नव्हती. गोवा, दमण आणि दीव तेव्हा केंद्रशासित. वर नायब राज्यपाल, पैसा दिल्लीचा, अधिकारी दिल्लीचे, आणि मुख्यमंत्री एका प्रादेशिक पक्षाची. तशा अवस्थेतली ही पावणेसहा वर्षे आहेत. आणि ज्या महाराष्ट्रात विलीन व्हायचे म्हणून त्यांचा पक्ष निघाला, त्या महाराष्ट्राला अजून एकही महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. तिथल्या मंडळींना हे पत्र वेगळे धाडायला हवे. पण आधी आपल्या दारातले झाडू.

त्यांचे काय चुकले तेही लिहिते. नाहीतर हे पत्र म्हणजे तसबिरीला घातलेला हार व्हायचा.

यांत्रिक ट्रॉलर समुद्रात उतरले आणि रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्यांच्या हाती मासळी येईनाशी झाली. सत्तरच्या दशकात रापणकार रस्त्यावर आले ते ताईंच्याच राज्यात. किनाऱ्यापासून काही अंतर पारंपरिक मच्छीमारांसाठी राखून ठेवा, एवढे साधे मागणे होते. ते ऐकायला सरकारने फार उशीर केला. समुद्रातल्या मासेमारीला नियम लावणारा कायदा आला तो १९८०मध्ये, ताई गेल्यावर. भाटातल्या माणसाचे दुःख ज्या सरकारला एवढे कळले, त्याला वाळूवरच्या माणसाचे का कळले नाही, याचे उत्तर मला मिळालेले नाही. कदाचित मुंडकार आणि कूळ हा पक्षाचा मतदार होता आणि दक्षिण गोव्यातल्या सासष्टीचा रापणकार नव्हता, एवढेच असेल. तसे असेल तर ते तुम्हाला समजायला अवघड जाऊ नये.

विद्यार्थ्यांचेही तेच. बसच्या अर्ध्या तिकिटासाठी मुले रस्त्यावर उतरली, आंदोलन चिघळले, आणि गोव्यातली एक सबंध पिढी ताईंच्या विरोधात घोषणा देत राजकारण शिकली. एप्रिल १९७९मध्ये स्वतःच्याच पक्षातले तीन आमदार फुटले, सरकार पडले आणि राष्ट्रपती राजवट आली. पक्षांतर हा गोव्याचा आजार अलीकडचा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ही तारीख लिहून ठेवावी. १९८०च्या निवडणुकीत मगोप सात जागांवर आला. मग ताई काँग्रेसमध्ये गेल्या. ज्यांच्याशी लढण्यात अर्धे आयुष्य घातले त्यांच्याच पंगतीला जाऊन बसणे जुन्या मगोवाल्यांना सोसले नाही. आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्याने त्या दिवशी दारावरचा सिंहाचा कागद फाडला. पुढे ताई तिथूनही बाहेर पडल्या, भाऊसाहेबांच्या नावाने वेगळा पक्ष काढला, आणि अखेर फिरून मगोपमध्येच आल्या. ही वाट सरळ नव्हती, आणि मी ती सरळ करून सांगणार नाही.

एक आरोप माझा स्वतःचाही आहे. आपल्या मागे बायकांची फळी त्यांनी उभी केली नाही. दार उघडून त्या आत गेल्या, पण दाराला पाचर लावायचे राहिले. दार मागून बंद झाले.

आता त्यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धाकडे येते, कारण त्याबद्दल व्यासपीठावरून कोणी बोलत नाही. मुख्यमंत्रिपद गेलेला माणूस आपल्याकडे काय करतो? एकतर पुन्हा ते मिळवायला धडपडतो, नाहीतर मुलाला पुढे काढतो. ताई १९९०मध्ये आघाडी सरकारात शिक्षणमंत्री झाल्या. एकेकाळी मुख्यमंत्री असलेली बाई दुसऱ्याच्या मंत्रिमंडळात साधी मंत्री म्हणून बसली, आणि तिथे बसून तिने असा निर्णय घेतला की त्याची धग अजून विझलेली नाही. सरकारी अनुदान मिळेल ते मराठी किंवा कोकणी माध्यमाच्या प्राथमिक शाळेलाच.

या निर्णयाबद्दल मतभेद असू शकतात. माझ्याही घरात आहेत. माझी मुलगी म्हणते, ‘आई, तुम्ही मराठीत शिकलात म्हणून आम्हीही शिकायचे का?’ तिला मी पटेलसे उत्तर देऊ शकलेले नाही, आणि तिचा मुलगा आज इंग्रजी शाळेत जातो. पण निर्णय पटो न पटो, तो घेणारीची हिंमत बघा. ज्या आघाडीत त्या मंत्री होत्या ती औटघटकेची होती. तसल्या सरकारात बहुतेक मंत्री खाते धरून ठेवण्यापलीकडे काही करत नाहीत.

२०११ साली सरकारने इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायचे ठरवले तेव्हा ताई सत्त्याहत्तरीत होत्या. घरी बसून पत्रक काढले असते तरी कोणी नावे ठेवली नसती. त्या या अनुदानाला विरोध करणाऱ्या भारतीय भाषा सुरक्षा मंचाच्या आघाडीला उभ्या राहिल्या. आणि त्या मंचावर शेजारी कोण? उदय भेंब्रे. बाहेरगावच्या वाचकांना यातली गंमत कळायची नाही. राजभाषेच्या लढ्यात, १९८५ ते ८७च्या त्या कडवट दिवसांत, मराठीवाले आणि कोकणीवाले यांनी एकमेकांच्या दारात पाऊल टाकणे सोडले होते. सोयरिकी मोडल्या होत्या. ताई मराठीच्या बाजूला, भेंब्रे कोकणीच्या. पंचवीस वर्षांनी तीच माणसे एका मंचावर एकाच मागणीसाठी बसली. तुमच्यापैकी ज्यांनी तेव्हा मंचाच्या व्यासपीठावर टाळ्या घेतल्या आणि सत्तेत गेल्यावर अनुदान चालूच ठेवले, त्यांनी तरी निदान ताईंचे नाव भाषणात घेऊ नये. २८ ऑक्टोबर २०१६ला ताई गेल्या. तोवर त्यांची मागणी कागदावरच होती.

तर ही ती बाई. मुलगी, आमदार, मुख्यमंत्री, पक्ष सोडणारी, परत येणारी, शिक्षणमंत्री, आंदोलक. तुमच्या भाषणात यातले फक्त ‘महिला’ आणि ‘मुख्यमंत्री’ एवढेच उरते.

आता तुमच्याकडे वळते.

२०२२ला चाळीस जणांच्या विधानसभेत तीन बायका निवडून आल्या. ताळगावातून जेनिफर मोन्सेरात, शिवोलीतून डिलायला लोबो, पर्येतून देविया राणे. पर्येचे मताधिक्य तर राज्यात सर्वांत मोठे होते. म्हणजे गोव्याचा मतदार बाईला मत देत नाही ही सबब तिथेच संपली. पण या तिघींचेही नवरे त्याच निवडणुकीत, शेजारच्या मतदारसंघांतून, त्याच सभागृहात गेले. त्यांच्या कामाबद्दल मी इथे काही म्हणत नाही, त्या निवडून आल्यात आणि त्यांचा मान त्यांना आहे. माझा प्रश्न तुम्हाला आहे. चाळीस मतदारसंघांत तुम्हाला जिंकण्याजोग्या बायका सापडतात त्या सगळ्या आमदारांच्याच स्वयंपाकघरात कशा? २०२४ला भाजपने गोव्यात पहिल्यांदाच एका बाईला लोकसभेचे तिकीट दिले, तेव्हा नाव निघाले ते उद्योगपतींच्या घरातून. बाकीच्यांनी फुशारकी मारू नये. तुमच्या याद्याही मी वाचल्या आहेत.

ताई घराण्यातून आल्या हे खरे. पण ती १९७३ची गोष्ट. मुक्ती होऊन बारा वर्षे झाली होती, पंचायतीत बायकांना एक तृतीयांश राखीव जागा नव्हत्या, गावात बाईने उभे राहून बोलायची सवय नव्हती. घराणे सोडून दुसरा दरवाजाच नव्हता. आज तीस वर्षांहून अधिक काळ पंचायतींत एक तृतीयांश जागा बायकांना आहेत. प्रत्येक तालुक्यात अशा कितीतरी बायका आहेत ज्यांनी पंच म्हणून, सरपंच म्हणून पाच-पाच वर्षे काढली, ग्रामसभेत शिव्या खाल्ल्या, बांधकाम परवाने हाताळले, बीडीओच्या टेबलासमोर ताटकळल्या. शिकून तयार झालेल्या या फौजेतून एकही नाव तुमच्या यादीपर्यंत पोचत नसेल, तर अडचण बायकांच्या कुवतीची की तुमच्या शिडीची?

मी त्यांतलीच एक. आमचा प्रभाग बायकांसाठी राखीव झाला तेव्हा गावातले चार जण घरी आले. माझ्याकडे नाही, माझ्या नवऱ्याकडे. ‘तुझ्या बायलेक उबी करुंया?’ असे त्याला विचारले. मी चहा घेऊन आले तेव्हा माझा निर्णय झालेला होता. नवरा भला माणूस, निवडून आल्यावर त्याने कधी ढवळाढवळ केली नाही, पण पहिले वर्षभर लोक कामे घेऊन त्याच्याकडेच जायचे. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे येऊ लागले. तिसऱ्या वर्षी नवऱ्याच्या कामासाठीही माझ्याकडे येऊ लागले. गटार झाले, पाण्याची टाकी झाली, आणि ज्याचा मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो ते म्हणजे आठ मुंडकार कुटुंबांचे कागद मामलेदाराकडे पोचले. त्यांतल्या बहुतेक अर्जांवर पुरुषांचीच नावे होती. मी प्रत्येक घरात जाऊन बाईचेही नाव घालायला लावले.

पाच वर्षांनी प्रभाग खुला झाला. त्याच चौघांपैकी दोघे पुन्हा आले. ‘आता राखीव नाही ना, आता तू कशाला?’ खुला म्हणजे सगळ्यांसाठी खुला, त्यात बाईही आली, हे मी त्यांना समजावून बघितले. त्यांच्या चेहऱ्यांवरून वाटले की मी काहीतरी आगाऊ बोलले. तरी उभी राहिले. एकोणीस मतांनी पडले.

मग म्हटले, वर जाऊ. एका पक्षाच्या कार्यालयात गेले. कोणत्या ते लिहीत नाही. लिहिले तर बाकीचे सुटतील. पाच वर्षांच्या कामाची फाइल काखेत. समोरच्या गृहस्थाने फाइल उघडली नाही. पहिला प्रश्न, ‘घोव कितें करता?’ म्हणजे नवरा काय करतो? म्हटले, ट्रक चालवतो, खाण बंद झाल्यापासून मिळेल ते करतो. दुसरा प्रश्न नव्हताच. ‘फुडल्या फावटा पळोवया,’ पुढच्या वेळी बघू, म्हणाले, आणि महिला आघाडीत या, आपले हळदीकुंकू असते, मेळावे असतात, बसमध्ये बायका भरायला तुमच्यासारखी माणसे लागतात.

बसमध्ये बायका भरायला! पत्राच्या सुरुवातीला मी ज्या बसमधून गेले ती कोणीतरी माझ्यासारखीनेच भरलेली असणार.

संसदेने २०२३ला घटनादुरुस्ती केली आहे. लोकसभेत आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा बायकांना. ती लागू होणे जनगणनेला आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवले आहे. जेव्हा होईल तेव्हा गोव्यात चाळीसपैकी तेरा-चौदा जागा. त्या दिवशी तुम्ही काय करणार हे मला आजच दिसते. तेरा-चौदा घरांत चहा येईपर्यंत निर्णय झालेला असेल. राखीव जागांबद्दलची तुमची आस्था काय आहे ते २०२१च्या पालिका निवडणुकीत दिसलेच. पाच पालिकांत बायकांचे राखीव प्रभाग नीट ठरवले नाहीत म्हणून उच्च न्यायालयाने अधिसूचना रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. एक तृतीयांश म्हणजे किती, हा चौथीच्या मुलाचा हिशेब दिल्लीपर्यंत न्यावा लागला.

मतदारयादीत गोव्यात आम्ही पुरुषांपेक्षा जास्त आहोत, आणि मतदानालाही पुढे असतो. हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच गृहिणींना सरकारकडून महिन्याला मिळणारे गृहआधाराचे पंधराशे आहेत. ते पैसे मला नकोत असे मी म्हणत नाही, माझ्या घरी गॅस त्यावर येतो. पण लाभार्थी म्हणून यादीत आमचे नाव पहिले आणि उमेदवार म्हणून यादीत नावच नाही, हे कसे काय?

आपल्या गोव्याची आणखी एक गंमत आहे, ती तुम्ही विसरता. इथे जुन्या पोर्तुगीज कायद्याने लग्न झाले की मालमत्तेत सहसा बायकोचा अर्धा वाटा असतो. तिची सही नसेल तर नवऱ्याला एक वाफा विकता येत नाही. बाहेरून जमिनी घ्यायला येणारे दिल्ली-मुंबईचे लोक नोटरीकडे बायकोला बोलवा म्हटले की चकित होतात. भाट विकायला बायकोची सही लागते, पण गाव कोणाच्या हाती द्यायचे हे ठरवायला तिला कोणी बोलवत नाही.

माझे मागणे मोठे नाही. आरक्षण येईल तेव्हा येईल. २०२७च्या यादीआधी प्रत्येक पक्षाने आपल्या भागातल्या माजी महिला सरपंच आणि पंच यांना एकदा बोलवावे, बायकांना, त्यांच्या नवऱ्यांना नाही, आणि त्यांनी काय केले ते ऐकून घ्यावे. त्यांतून निवडलेल्यांना पडणाऱ्या जागा देऊन ‘बघा, बायका पडतात’ म्हणू नये. आणि मुलाखतीत घोव कितें करता हा प्रश्न विचारायचा असेल तर पुरुष उमेदवारालाही बायल कितें करता ते विचारावे.

एवढे जमणार नसेल तर पुढच्या ८ मार्चला भाषणात भाऊसाहेबांचे नाव घ्या, सार्वमताचे घ्या, खाणींचे घ्या. ताईंचे घेऊ नका.

कळावे, लोभ असावा.

आपली,
डिचोली तालुक्यातील एक माजी पंच

ता. क. उमेदवारीचा अर्ज कोणत्या कार्यालयात मिळतो आणि तिथे कोणत्या दिवशी साहेब असतात, तेवढे कळवावे. माझी फाइल तयार आहे. आईच्या घराचा कागदही त्यात लावला आहे.